एक रेघ, अनेक यंत्रे

गणिताच्या चौकटीच्या वहीवर पट्टी तिरपी धरून एक रेघ ओढणे, हे काम लहान मुलगाही करील. परंतु त्या कामाला एक अट घालून पाहावी. पेन्सिल रेघेसारखी ओढावयाची नाही. वहीतील छापील चौकोन तेवढे रंगवावयाचे, आणि तरीही चार हात दूर उभ्या असलेल्या माणसास ती सरळ तिरपी रेघच दिसली पाहिजे. आता मोठा विद्यार्थीसुद्धा थबकेल. ज्या चौकोनाच्या कोपऱ्याला रेघ नुसती चाटून जाते तो रंगवावा की सोडावा? रंगविला तर रेघ जाड व दातेरी होते. सोडला तर मध्येच तुटल्यासारखी दिसते.

संगणकाच्या पडद्याची स्थिती नेमकी अशीच असते. पडदा म्हणजे अतिशय बारीक चौकोनांची एक अवाढव्य वही होय. ह्या चौकोनांस पिक्सेल म्हणतात. १९२० उभे रकाने व १०८० आडव्या ओळी असलेल्या पडद्यावर असे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल भरतात. प्रत्येक पिक्सेलला एक रंग देणे, एवढेच काय ते यंत्राला करता येते. ह्यापलीकडे त्याला चित्रकला अवगत नाही. रेघ, वर्तुळ, नकाशा, अक्षर, जे जे म्हणून आपण पडद्यावर पाहतो ते सारे कोणीतरी आधी गणित करून ह्या चौकोनांत उतरविलेले असते. दातेरी रेघेवरचा उपायही गणितीच आहे. चौकोनाचा जितका भाग रेघेखाली येतो, तितक्याच प्रमाणात त्याला रंग द्यावा. पाव भाग झाकला गेला तर पाव छटा, अर्धा झाकला गेला तर अर्धी. आपला डोळा त्या छटा एकत्र करतो आणि रेघ गुळगुळीत भासते.

हे गणित प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी नव्याने करावयाचे म्हटले तर त्याचे आयुष्य रेघा ओढण्यातच संपेल. आपण लॉगॅरिदमची कोष्टके वापरतो ती कशासाठी? पूर्वी कोणीतरी अपार कष्ट करून ते आकडे एकदा काढून ठेवले, म्हणून आपल्याला ते पुन्हा काढावे लागत नाहीत. संगणकाच्या जगात अशा तयार करून ठेवलेल्या कामाच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. चित्रे काढण्याचे काम करून देणारी ती ग्राफिक्स लायब्ररी. प्रोग्रॅमने नुसते सांगावे, ‘ह्या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत इतक्या जाडीची निळी रेघ ओढ’. कोणत्या पिक्सेलला निळ्याची कोणती छटा द्यावयाची हे लायब्ररी पाहून घेते.

एका प्रकारच्या यंत्रव्यवस्थेसाठी लिहिलेली लायब्ररी दुसऱ्या प्रकारच्या यंत्रव्यवस्थेवर चालती करणे, ह्यास पोर्टिंग असे नाव आहे. हे काम कसे करतात, त्यात कोणत्या अडचणी येतात, आणि एकदा नेऊन ठेवलेली वस्तू त्या परक्या भूमीवर टिकते कशामुळे, हे ‘कैरो’ नावाच्या एका प्रसिद्ध मुक्तस्रोत लायब्ररीच्या उदाहरणाने पाहू.

तीन घरे, तीन रिवाज

संगणकावर प्रोग्रॅम चालतो तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या, आश्रयाने. स्मरणशक्तीतील जागा, फाइली, पडद्यावरील खिडक्या ह्या सर्वांची मालकी तिच्याकडे असते. प्रोग्रॅमने जे हवे ते तिच्याकडे मागून घ्यावयाचे. परंतु मागण्याची भाषा प्रत्येक घरात निराळी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चित्र काढण्याची जुनी व्यवस्था जीडीआय ह्या नावाने ओळखली जाते. ॲपलने २००१ मध्ये मॅक ओएस एक्स बाजारात आणली, तिच्यातील व्यवस्थेचे नाव क्वार्ट्झ. लिनक्स व तिच्या जातीच्या प्रणालींवर दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टीम राबत आली. तिचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत झाला. तिन्ही व्यवस्था रेघ ओढतात, पण एकीला दिलेली आज्ञा दुसरीला समजत नाही.

ह्याचा परिणाम काय होतो तो ध्यानात घेतला पाहिजे. एखाद्याने वर्षानुवर्षे खपून नकाशे काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात सर्वत्र एकाच प्रणालीच्या आज्ञा वापरल्या, तर तो प्रोग्रॅम त्या प्रणालीशी जखडला जातो. शाळेने किंवा छापखान्याने यंत्र बदलले की प्रोग्रॅम निरुपयोगी. ती प्रणाली काढणाऱ्या कंपनीने धंदा गुंडाळला की प्रोग्रॅमही तिच्याबरोबर गेला, आणि कदाचित त्याच्या खास पद्धतीने जपून ठेवलेली चित्रेही गेली. चित्र माणसाने काढले, पण ते पुन्हा उघडता येईल की नाही हे ठरविणार तिसराच. पोर्टिंगच्या मुळाशी ही चिंता आहे.

कैरोचा जन्म

कैरोचे मूळ जनक कार्ल वर्थ आणि कीथ पॅकार्ड हे दोघे. पॅकार्ड हे एक्स विंडो सिस्टीमच्या कामात मुरलेले. २००३ मध्ये ह्या दोघांनी कॅनडातील ऑटावा येथे भरणाऱ्या लिनक्स परिषदेत आपल्या लायब्ररीविषयी निबंध सादर केला, तेव्हा तिचे नाव नुसती दोन रोमन अक्षरे, ‘एक्स’ आणि ‘आर’, असे होते. ह्या दोन अक्षरांसारखी दिसणारी ग्रीक अक्षरे म्हणजे ‘काय’ आणि ‘ऱ्हो’. ती जोडून उच्चारली की इजिप्तच्या राजधानीच्या नावासारखा ध्वनी होतो; त्यावरून पुढे ‘कैरो’ हे नाव रूढ झाले.

एकाच आज्ञेने पडद्यावर आणि कागदावर सारखेच चित्र उमटावे, हा त्यांचा प्रारंभापासूनचा हेतू होता. आरंभ एक्स विंडो सिस्टीमवर झाला, पण लवकरच इतर स्वयंसेवकांच्या व संस्थांच्या मदतीने विंडोज व मॅक ह्यांवरही ती नेण्यात आली. ऑगस्ट २००५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. जून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्स ब्राउझरच्या तिसऱ्या आवृत्तीने विंडोज, मॅक आणि लिनक्स ह्या तिन्हींवर पाने रंगविण्याचे काम कैरोवर सोपविले होते. पुढे त्या ब्राउझरने हे काम अन्य साधनांकडे दिले. पण चित्रकारांच्या ‘इंकस्केप’सारख्या अनेक प्रोग्रॅमांत कैरो आजही राबत आहे.

ही लायब्ररी मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा मूळ लेख कोणासही वाचावयास, वापरावयास व सुधारावयास मोकळा आहे. अट इतकीच, की लायब्ररीत फेरफार करून ती दुसऱ्यास दिली तर तो फेरफारही मोकळा ठेवावयाचा. ज्याला तिची आपल्या यंत्रावर गरज आहे त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही; आवश्यक ते ज्ञान आणि चिकाटी असली म्हणजे तो स्वतःच कामास लागू शकतो.

काय बदलते आणि काय बदलत नाही

पोर्टिंगची पहिली पायरी म्हणजे विवेक. लायब्ररीतील कोणता भाग सर्व यंत्रांवर सारखाच राहील आणि कोणता भाग यंत्रागणिक बदलेल, ह्याची रेषा आधी आखावी लागते. ती रेषा चुकली की दर नव्या यंत्रासाठी सगळेच पुन्हा लिहिण्याची पाळी येते.

कैरोने ही रेषा मोठ्या चतुराईने आखली आहे. तिच्या दृष्टीने सपाट पृष्ठावरील चित्रकलेत मूळ क्रिया पाचच. पहिली, सगळ्या पृष्ठावर रंग पसरणे. दुसरी, साच्यातून रंग उतरविणे, जसे दिवाळीत आपण रांगोळीच्या छाप्यातून रंग खाली पाडतो. तिसरी, आखलेल्या मार्गावरून रेघ ओढणे. चौथी, मार्गाने वेढलेला भाग भरून काढणे. आणि पाचवी, अक्षरे मांडणे. कितीही गुंतागुंतीचे चित्र असले तरी ते अखेर ह्या पाच क्रियांत विभागता येते. मार्ग कसा वळतो, रेघेची टोके गोल की चौकोनी, दोन रेघा मिळतात तेथे कोपरा कसा जुळवावा, हे सारे नियम सर्व यंत्रांसाठी एकच.

ह्या पाच क्रिया प्रत्यक्ष उतरविण्याचे काम करणारा जो यंत्रागणिक निराळा भाग, त्यास बॅकएंड म्हणतात. एक बॅकएंड विंडोजच्या जीडीआयशी बोलतो, दुसरा मॅकच्या क्वार्ट्झशी, तिसरा एक्स विंडो सिस्टीमशी. आणखी काही बॅकएंड तर पडद्याकडे वळतच नाहीत. ते तेच चित्र पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्ट ह्या छपाईच्या रूपांत लिहून देतात. आपल्या इकडे पूर्वी एकच मजकूर कारकून दप्तरात मोडीत लिहीत आणि छापखाना बाळबोधीत छापीत असे. मजकूर तोच राही. उतरविणारा हात आणि त्याचे वळण तेवढे बदले. कैरोतील मधला भाग आणि बॅकएंड ह्यांचे नाते काहीसे असेच आहे.

लहान फरक, मोठे घोटाळे

रेषा आखून झाली म्हणजे काम संपले असे नाही. प्रणालीप्रणालींतील फरक वरवर क्षुल्लक दिसतात, पण त्यांतील एकही नजरेआड झाला तर सगळे चित्र बिघडते. त्यांपैकी काही नमुन्यादाखल पाहू.

पहिला फरक दिशेचा. भूमितीत आपण आरंभबिंदू खाली डावीकडे धरतो आणि वर जावे तसतसे अंतर वाढते. क्वार्ट्झ आणि पीडीएफ ही पद्धत पाळतात. विंडोज व एक्स ह्यांचा आरंभबिंदू मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात असून मोजणी खाली जाते, आपण पानावर लिहीत जातो तशी. कैरोने ही दुसरी पद्धत स्वीकारली. तेव्हा मॅकवर चित्र उलटे उमटू नये म्हणून ते उलटून द्यावे लागते. पण सगळेच उलटले की त्याबरोबर अक्षरेही उलटी होतात. म्हणून ती पुन्हा स्वतंत्रपणे सुलटी करावयाची.

दुसरा फरक रेघेच्या स्थानाचा. वहीच्या दोन ओळींमधील छापील रेषेवर नेमकी मध्य धरून एक चौकोन जाडीची रेघ ओढली, तर तिचा अर्धा भाग वरच्या चौकोनांत आणि अर्धा खालच्या चौकोनांत जाईल. कैरोचे अंक चौकोनांच्या कडा मोजतात. त्यामुळे तिला पूर्णांकी जागेवर एक पिक्सेल जाडीची रेघ सांगितली तर दोन ओळी अर्ध्या छटेने भरतात आणि रेघ धूसर दिसते. जीडीआय सबंध पिक्सेलच्या हिशेबाने चालते. तेथे तोच आकडा एक ओळ पूर्ण भरतो. जीडीआयच्या सवयीचा माणूस कैरोकडे आला की त्याला अर्ध्या पिक्सेलने सरकून उभे राहावे लागते.

तिसरा फरक रंगांच्या क्रमाचा. कैरो एका पिक्सेलसाठी ३२ बिटांची एक संख्या ठेवते. तिच्यात आठ-आठ बिटांचे चार भाग असतात: पारदर्शकतेचे माप, तांबडा, हिरवा आणि निळा. परंतु ही संख्या स्मरणशक्तीत मांडताना काही प्रोसेसर मोठ्या स्थानाचा भाग आधी ठेवतात, तर काही लहान स्थानाचा. ॲपलच्या जुन्या पॉवरपीसी यंत्रांत पहिली रीत होती. जानेवारी २००६ पासून ॲपलने इंटेलचे प्रोसेसर घेतले, त्यांत दुसरी. एका रीतीने लिहिलेले चार भाग दुसऱ्या रीतीने वाचले, तर पारदर्शकतेच्या जागी निळ्याचा आकडा आणि तांबड्याच्या जागी हिरव्याचा आकडा येऊन बसतो. म्हणून रंग वाचताना एकेक भाग सुटा न उचलता सबंध संख्या उचलावी व मग तिचे भाग पाडावेत, असा दंडक ठेवावा लागतो.

चौथा फरक ह्याहून सूक्ष्म आहे. अर्धा पारदर्शक तांबडा रंग लिहावयाचा कसा? एका पद्धतीत तांबड्याचा आकडा पूर्ण, म्हणजे २५५, आणि पारदर्शकतेचा १२८ असा वेगळा लिहितात. कैरो मात्र तांबड्याला आधीच त्या प्रमाणाने गुणून १२८ आणि १२८ असे लिहिते. त्यामुळे एकावर एक रंग चढविताना गुणाकार वाचतात. परंतु ही दुसऱ्या पद्धतीची संख्या पहिली पद्धत समजणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती गेली, तर गुणाकार दोनदा होतो आणि प्रत्येक आकृतीच्या कडेला एक काळपट किनार उमटते. पाहणाऱ्यास वाटते पडदा वाईट. दोष असतो तो दोन हिशेबनिसांतील गैरसमजाचा.

फरक भाषेतही असतात. कैरो ‘सी’ ह्या भाषेत लिहिलेली आहे. त्या भाषेत ‘लाँग’ नावाचा संख्येचा प्रकार आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर तो ३२ बिटांचाच असतो. एका ठिकाणी सुखाने मावणारी संख्या दुसऱ्या ठिकाणी अर्धी कापली जाते, आणि तक्रार कोणीच करीत नाही. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारा माणूस संख्येची लांबी नेहमी स्पष्ट सांगतो. अंतरे मोजण्यासाठीही कैरो आतल्या आत दशांशांवर विसंबत नाही. पिक्सेलचे २५६ भाग कल्पून ती पूर्णांकांत हिशेब करते. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कोणत्याही यंत्रावर तीच येते.

जे येत नाही त्याची सोय

आता एक स्वाभाविक शंका उरते. पाचही क्रिया प्रत्येक प्रणालीला सर्व प्रकारे कोठे येतात? जीडीआय जुनी असल्यामुळे अर्धपारदर्शक रंगाने वळणदार रेघ ओढण्यासारखी कामे तिला जमत नाहीत. मग विंडोजवर ती रेघ ओढावयाचीच नाही काय?

येथे कैरोची खरी युक्ती दिसते. प्रत्येक बॅकएंडला ‘हे मला येत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगण्याची मुभा आहे. तसे त्याने सांगितले, की कैरो स्मरणशक्तीत एक कोरे पान घेते, त्यावर स्वतःच पिक्सेल-पिक्सेल गणित करून चित्र रंगविते आणि तयार पान त्या प्रणालीच्या हाती ठेवते. पान पडद्यावर चिकटविणे तर कोणत्याही प्रणालीला येतेच. हे रंगविण्याचे काम ‘पिक्समन’ नावाची एक वेगळी लायब्ररी करते, आणि तिचा उपयोग एक्स विंडो सिस्टीमचा सर्व्हरही करून घेतो. पीडीएफ लिहितानाही हाच न्याय आहे. पानावरील जेवढा भाग पीडीएफच्या भाषेत सांगता येतो तेवढा तसाच सांगावयाचा. जो सांगता येत नाही तेवढाच भाग चित्र म्हणून, विशेष सूचना नसल्यास एका इंचात ३०० पिक्सेल ह्या प्रमाणात, चिकटवावयाचा.

ह्या व्यवस्थेचा मोठा फायदा नव्या भूमीवर पाऊल टाकताना होतो. नवा बॅकएंड लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी सर्व विद्यांत पारंगत असले पाहिजे असा आग्रह नाही. त्याने आरंभी ‘कोरे पान द्या’ आणि ‘रंगविलेले पान घ्या’ एवढे दोन व्यवहार साधले, तरी चित्र दिसू लागते. संथ दिसेल, पण बरोबर दिसेल. मग एकेक क्रिया तो त्या प्रणालीच्या खास पद्धतीने शिकवीत जातो आणि वेग वाढत जातो. आधी अचूकपणा, मग चपळाई, हा क्रम तिने सर्वत्र पाळला आहे.

देवनागरीची कसोटी

पाचवी क्रिया, म्हणजे अक्षरे मांडणे, आपल्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याची आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवीत गेले की बहुतेक काम भागते. देवनागरीचे तसे नाही. ‘कि’ लिहिताना संगणक आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवितो, पण दिसताना वेलांटी क च्या आधी दिसली पाहिजे. ‘कर्म’ ह्या शब्दात र आधी साठविला जातो, पण त्याचा रफार पुढच्या म च्या डोक्यावर चढतो. आणि मराठीचे म्हणून एक खास वळण आहे: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. अर्ध्या र च्या दोन आकारांत अर्थाचे जमीन-अस्मान आहे. हा भेद पडद्यावर दिसला नाही तर मराठी वाचकाची फसगत ठरलेली.

हे सारे कैरोच्या मुख्य भागात घातलेले नाही. येथेही कामाची वाटणी आहे. कोणत्या क्रमाने कोणते आकार यावेत, जोडाक्षर कसे बनावे, हे ठरविण्याचे काम ‘हार्फबझ’ ही दुसरी मुक्तस्रोत लायब्ररी करते. तिचे नाव फारसीवरून आले आहे. त्यातील ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, आणि आपल्या जुन्या मराठीतही ‘हरफ’ हा शब्द ह्याच अर्थाने आढळतो. मजकूर ओळींत बसविण्याचे काम ‘पँगो’ नावाची आणखी एक लायब्ररी पाहते. शेवटी कैरोच्या हाती पडते ती केवळ एक यादी: अमुक क्रमांकाचा आकार अमुक जागी मांड.

पूर्वी पँगो विंडोजवर विंडोजची आणि मॅकवर मॅकची अक्षरजुळणी वापरीत असे. त्यामुळे एका यंत्रावर नीट दिसणारे जोडाक्षर दुसऱ्यावर निराळे दिसण्याचा संभव राही. २०१९ मधील पँगोच्या १.४४ ह्या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर हे काम हार्फबझकडेच देण्यात आले. टंक, म्हणजे फाँट, एकच असला तर आता ‘दऱ्या’ हा शब्द तिन्ही घरी त्याच नियमाने जुळविला जातो.

परीक्षा आणि राखण

सर्व प्रणालींवर चित्र खरोखरच सारखे उमटते हे ठरविणार कसे? त्यासाठी कैरोबरोबर शेकडो लहान लहान चाचण्यांचा संच ठेवलेला आहे. प्रत्येक चाचणी एक ठराविक चित्र काढते आणि ते आधी तपासून ठेवलेल्या आदर्श चित्राशी पिक्सेलनिशी ताडून पाहते. मात्र येथेही तारतम्य लागते. अक्षरांच्या कडा घासूनपुसून नीट करण्याची विंडोजची रीत आणि मॅकची रीत भिन्न आहे. तो भेद म्हणजे चूक नव्हे. म्हणून काही चाचण्यांसाठी बॅकएंडवार वेगवेगळी आदर्श चित्रे ठेवावी लागतात. खरी चूक कोणती आणि स्थानिक वळण कोणते हे ओळखणे, ह्यात पोर्टिंग करणाऱ्याचा निम्मा अनुभव असतो.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एकदा पोर्टिंग केले की ते कायमचे झाले, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. कैरोत एके काळी बीओएस आणि ओएस-टू ह्या प्रणालींसाठीही बॅकएंड होते. बीओएस काढणारी कंपनी २००१ मध्ये आपली तंत्रविद्या पाम ह्या कंपनीस विकून मोकळी झाली. ओएस-टूची नेहमीची देखभाल आयबीएमने २००६ अखेर थांबविली. तरीही त्या प्रणालींवर लोभ असलेल्या थोड्या स्वयंसेवकांच्या श्रमामुळे कैरो तेथे पोचली होती. पण दरम्यान मुख्य लायब्ररी बदलत राहिली. मधला भाग बदलला की प्रत्येक बॅकएंडने त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. आणि जुळवून घेण्यासाठी त्या यंत्रापुढे बसून ते चालवून पाहणारा माणूस असावा लागतो. तो माणूस उरला नाही. कैरोच्या मुख्य आवृत्त्यांतही मोठे अंतर पडले: ऑक्टोबर २०१८ मधील १.१६ नंतरची पुढची स्थिर आवृत्ती, १.१८, निघाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. तिच्यापर्यंत येताना बीओएस, ओएस-टू आणि असे आणखी काही बेवारस बॅकएंड काढून टाकण्यात आले.

हे काढून टाकणे कोणास निष्ठुर वाटेल. पण न तपासलेला भाग जपून ठेवला तर ती वापरणाऱ्याची फसवणूक ठरते. त्याच आवृत्तीत विंडोजच्या डायरेक्टराइट ह्या नव्या अक्षरव्यवस्थेसाठी आधार आला, कारण विंडोजवर रोज काम करून त्याची राखण करणारी माणसे होती. शिवाय जुनी दारे बंद झाली तरी वाट संपूर्ण बुजलेली नाही. लायब्ररीचा मूळ लेख मोकळा आहे, काढलेला भाग जुन्या आवृत्त्यांत जसाच्या तसा आहे, आणि स्मरणशक्तीतील कोऱ्या पानावर चित्र रंगविण्याची सोय तर कोणत्याही प्रणालीला उपलब्ध आहे. उद्या एखाद्याने मनावर घेतले तर त्याला पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

आपल्यापैकी अनेकांची घराणी तीन-चार पिढ्यांपूर्वी महाराष्ट्राबाहेर येऊन स्थिरावली. येथील भाषा, येथील रिवाज त्यांनी आपलेसे केले आणि घरातली मराठी घरात ठेवली. अशा कुटुंबांना ही कथा फारशी परकी वाटू नये. कोणता भाग स्थानिक रीतीप्रमाणे बदलावयाचा आणि कोणता बदलावयाचा नाही, ह्याचा विचार त्यांनाही करावा लागला होता. आणि परक्या भूमीवर नेलेली कोणतीही गोष्ट, मग ती शाळा असो, वाचनालय असो वा लायब्ररीतील एक बॅकएंड असो, तिचे कुलूप रोज उघडणारा कोणी तेथे असेल तोवरच चालते.

आज जे विद्यार्थी संगणक शिकत आहेत, त्यांनी ह्या दृष्टीने एक छोटा प्रयोग अवश्य करून पाहावा. कैरोच्या साहाय्याने पीडीएफचे एक पान तयार करावे, त्यावर एक तिरपी रेघ ओढावी, आणि पँगोच्या मदतीने ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द त्याखाली लिहावेत. मग तोच लहानसा प्रोग्रॅम शाळेतील विंडोजवर, एखाद्या मित्राच्या मॅकवर आणि लिनक्सवर चालवून तिन्ही पाने शेजारी शेजारी ठेवावीत. कोठे फरक आढळलाच तर तो टंकाचा आहे, जुळणीचा आहे की लायब्ररीचा, ह्याचा शोध घ्यावा. लायब्ररीत दोष असल्याचे निश्चित झाले, तर तो नीट नोंदवून तिची राखण करणाऱ्यांना कळवावा. त्या मंडळींपैकी फार थोड्यांना मराठी वाचता येत असेल. तेव्हा आपल्या अक्षरांतील चूक त्यांच्या ध्यानात आणून देण्याचे काम आपल्यालाच केले पाहिजे.